२७,८०० सिद्धता आणि एक मेट्रो

१९८०च्या दशकात पॅरिसच्या आरईआर ‘ए’ लाइनची अवस्था काय होती, हे सकाळच्या लोकलला लटकणाऱ्या मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. पूर्वेची उपनगरं आणि पश्चिमेची उपनगरं यांना शहराच्या पोटातून जोडणारी ही लाइन १९७७च्या डिसेंबरात सलग झाली आणि बघता बघता रोज सुमारे आठ लाख माणसं तिच्यावर येऊन पडली. गर्दीच्या वेळी दर अडीच मिनिटांनी एक गाडी सुटायची, म्हणजे तासाला २४. याहून जास्त गाड्या सोडायला जुनी सिग्नलव्यवस्था तयार नव्हती. दुसरा भुयारी मार्ग खणायचा तर खर्च अफाट. मग एकच वाट उरली, ती म्हणजे त्याच रुळांवर गाड्या आणखी जवळजवळ चालवणं. दर दोन मिनिटांनी एक गाडी सोडली तर तासाला ३० गाड्या बसतात.

ऐकायला फरक फक्त तीस सेकंदांचा. पण तेवढ्यासाठी पॅरिसच्या वाहतूक संस्थेला, म्हणजे आरएटीपीला, रेल्वेच्या शंभरेक वर्षांच्या सवयी मोडाव्या लागल्या. ड्रायव्हरने खांबावरचा दिवा बघायचा, ही पद्धत आता पुरणार नव्हती. गाडीतल्या आणि रुळांलगतच्या संगणकांनी पुढची गाडी कुठे आहे ते पाहून, या गाडीने किती वेगाने जायचं ते क्षणोक्षणी ठरवायचं आणि ड्रायव्हर चुकला तर ब्रेक लावायचा, असं ठरलं. या प्रणालीचं नाव साकेम. ती बनवली अल्स्टॉम, मात्रा आणि सीएसईई या कंपन्यांनी.

रेल्वेच्या सिग्नलवाल्यांचा स्वभाव मुळातच संशयी असतो, आणि तो तसा असावाच. त्यांचा जुना रिले ज्या तत्त्वावर चालतो ते मला नेहमीच सुंदर वाटत आलं आहे. त्यातला लोखंडी भाग विजेने उचलला जातो तेव्हाच हिरवा दिवा लागतो. वीज गेली, तार तुटली, काहीही बिघडलं, की तो स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि दिवा लाल होतो. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण बंद पडत नाही, या एका भरवशावर लाखो माणसं सुखरूप घरी पोचली. सॉफ्टवेअरला मात्र वजन नसतं. ते बिघडलं तर कुठल्या बाजूला पडेल, ते सांगता येत नाही.

या अडचणीचा निम्मा भाग मात्राच्या इंजिनीअरांनी फार हुशारीने सोडवला. त्यांनी ‘कोडेड प्रोसेसर’ काढला. यात प्रोग्राममधल्या प्रत्येक आकड्यासोबत एक सांकेतिक आकडा चालतो. दोघांवर एकाच वेळी क्रिया होते, आणि शेवटी दोघांचा मेळ बसला नाही तर गाडी थांबते. चिप बिघडली, स्मृतीतला एखादा बिट उलटला, इतकंच काय भाषांतर करणाऱ्या कंपायलरने घोळ घातला, तरी तो पकडला जातो. म्हणजे लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा चालेल याची हमी मिळाली. पण मुळात लिहिलेलाच प्रोग्राम चुकीचा असला तर? तीच चूक हा प्रोसेसर मोठ्या इमानदारीने पार पाडणार.

त्यामुळे सगळा प्रश्न येऊन ठेपला लिहिलेल्या मजकुरावर. मोड्युला-२ या भाषेतल्या सुमारे २१,००० ओळी, आणि त्यातल्या ६३ टक्के ओळी थेट प्रवाशांच्या जिवाशी जोडलेल्या.

चाचण्या घ्यायच्या, हे सरळ उत्तर होतं. पण चाचणीतून चूक सापडली तर कळतं, चूक नाही हे कळत नाही. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा हे किती तरी वर्षं सांगत होता. त्यावरचा उपाय ब्रिटनच्या टोनी होअरने १९६९मध्ये एका छोट्या निबंधात मांडला होता. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याआधी काय खरं असतं आणि तो चालून गेल्यावर काय खरं असलं पाहिजे, ते तर्काच्या भाषेत लिहा, आणि पहिल्यातून दुसरं निघतं हे भूमितीतल्या प्रमेयासारखं सिद्ध करा. विद्यापीठांत हे वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं, पण पाच-दहा ओळींच्या उदाहरणांवर. आरएटीपीने ते जिवंत रेल्वेला लावायचं ठरवलं.

सिद्धतांचं काम बरंचसं हातानेच झालं. संपूर्ण प्रणालीच्या तपासणीला सुमारे शंभर मनुष्य-वर्षं लागली, म्हणजे शंभर माणसं एक वर्ष राबली असती तर जेवढं काम होईल तेवढं. या सगळ्यात एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. तपासणाऱ्या गणितवाल्यांनी गाडीच्या सुरक्षेचे नियम तर्कचिन्हांत लिहिले आणि सिग्नलच्या अनुभवी मंडळींपुढे ठेवले, ‘बरोबर आहे का बघा.’ त्यांना ती चिन्हं वाचताच येईनात. रेल्वे ज्यांना कळते त्यांना तर्कशास्त्र कळत नाही, आणि तर्कशास्त्र ज्यांना कळतं त्यांना रेल्वे कळत नाही. मग त्या चिन्हांवरून साध्या फ्रेंचमध्ये वर्णन लिहून काढावं लागलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. या शास्त्राच्या इतिहासात सिद्धता अडकल्याच्या कथा पुष्कळ आहेत, पण माझ्या मते खरी अडचण बहुतेक वेळा अशीच एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली असते.

१९८९मध्ये साकेम सुरू झाली आणि गाड्या दोन मिनिटांनी धावू लागल्या. काम फत्ते झालं, पण करणाऱ्यांना समाधान नव्हतं. आधी प्रोग्राम लिहायचा आणि मग तो बरोबर आहे हे सिद्ध करत बसायचं, यात कष्ट दुप्पट होत होते. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामच्या मनात काय होतं, ते तपासणाऱ्याने हुडकून काढायचं. त्याऐवजी सिद्धता आणि प्रोग्राम एकदमच जन्माला आले तर?

हा प्रश्न ज्या माणसाने तडीला नेला त्याचं नाव ज्याँ-रेमाँ अब्रियाल. जन्म १९३८चा, शिक्षण पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधलं. विद्यापीठाच्या खुर्चीत फार काळ न रमणारा, बराच काळ स्वतंत्र सल्लागार म्हणून वावरलेला हा माणूस. ग्रेनोबलला असताना तो डेटाबेसवर काम करत होता. ‘माहितीचा अर्थ काय’ हा प्रश्न त्याला तिथेच चिकटला. १९७९मध्ये होअरच्या बोलावण्यावरून तो ऑक्सफर्डला गेला. तिथे त्याच्या कल्पनांतून ‘झेड’ ही पद्धत आकाराला आली. ती संचांच्या भाषेत प्रणालीचं वर्णन करते. नाव आलं ते संचशास्त्रातल्या झर्मेलोवरून. झेड पुढे आयबीएमच्या हर्स्ली इथल्या प्रयोगशाळेत सीआयसीएस या मोठ्या व्यापारी सॉफ्टवेअरसाठी वापरली गेली, आणि १९९२मध्ये त्या कामाला ब्रिटनच्या राणीच्या नावाचा पुरस्कारही मिळाला.

पण झेड वर्णनापाशी थांबत होती. तिच्यात सुंदर स्पेसिफिकेशन, म्हणजे प्रणालीने काय करायचं याचं वर्णन, लिहिता येई, प्रोग्राम मात्र शेवटी कुणीतरी वेगळा बसून लिही. अब्रियालला ही दरी बुजवायची होती. १९८०च्या दशकात त्याने ‘बी’ पद्धत बांधायला घेतली. हे नाव बूर्बाकीवरून घेतलेलं, म्हणजे त्या टोपणनावाखाली लिहिणाऱ्या फ्रेंच गणितींच्या मंडळावरून. साकेमचे नियम गणिती भाषेत पुन्हा मांडताना हीच विचारसरणी उपयोगी पडली. १९९६मध्ये त्याचा ‘द बी-बुक’ हा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाने छापला. सातशेहून अधिक पानं, आणि सुरुवात थेट तर्काच्या प्राथमिक नियमांपासून. झोपताना वाचायचं पुस्तक नाही हे.

बीमध्ये नेमकं काय करतात, ते एका सोप्या केलेल्या उदाहरणावर पाहू. मार्गाचे तुकडे पाडले, त्यांचा एक संच. गाड्यांचा दुसरा संच. कोणती गाडी कोणत्या तुकड्यावर आहे हे सांगणारा एक संबंध. आता एक अट लिहिली: दोन वेगळ्या गाड्या एकाच तुकड्यावर कधीही नसतात. या अटीला म्हणतात इन्व्हेरियंट, म्हणजे काहीही घडलं तरी न मोडणारी गोष्ट. मग एक क्रिया लिहिली, ‘गाडी पुढच्या तुकड्यावर सरकते’. लिहिल्या लिहिल्या बीचं यंत्र एक विधान तयार करून पुढे ठेवतं: क्रियेआधी अट खरी असेल तर क्रियेनंतरही ती खरी राहते, हे दाखवा. ते दाखवता येत नाही. कारण पुढचा तुकडा मोकळा आहे का, हे आपण विचारलंच नव्हतं. ती पूर्वअट घातली की विधान सिद्ध होतं.

इथपर्यंत सगळं शाळेतलं. पण गाडी हा काही बिंदू नसतो. तिला लांबी असते, ती एकाच वेळी दोन तुकड्यांवर उभी असते. शिवाय ती कुठे आहे हे संगणकाला चाकांचे फेरे मोजून कळतं, आणि चाकं घसरतात. म्हणजे गाडी ‘इथे’ आहे असं म्हणताच येत नाही. ती ‘इथपासून तिथपर्यंत कुठेतरी’ आहे असंच म्हणावं लागतं, आणि अट त्या सबंध पट्ट्यासाठी टिकवावी लागते. प्रत्येक वेळी वर्णन थोडं अधिक खरं करायचं, आणि नवं वर्णन जुन्याला दगा देत नाही हे पुन्हा सिद्ध करायचं. असं पायरीपायरीने उतरत गेलं, की शेवटच्या पायरीवर संच आणि संबंध उरत नाहीत. उरतात साध्या सूचना, आणि त्यांचं अडा भाषेत भाषांतर यंत्रच करतं. प्रोग्राम कुणी वेगळा बसून लिहीत नाही.

पॅरिसला हे सगळं पुन्हा लागणार होतं, कारण साकेमने मिळवून दिलेली तीस सेकंदं भराभर संपली. गर्दी वाढतच गेली. शेवटी नवा मार्ग खणावाच लागला. शातले आणि गार द लियों या स्थानकांदरम्यान ‘ए’ लाइनला समांतर धावणारा, तिचा भार हलका करणारा. हीच मेट्रोची चौदावी लाइन, मेतेओर. तिच्यावर गाड्या ड्रायव्हरशिवाय चालवायच्या असं ठरलं. विनाचालक मेट्रोचा अनुभव मात्राकडे होता. १९८३मध्ये लील शहरात त्यांनी ती चालवून दाखवली होती. पण मेतेओरची मागणी वेगळी होती: दोन गाड्यांत ८५ सेकंदांइतकं कमी अंतर, फलाटांना काचेची दारं आणि गरज पडली तर त्याच रुळावर विनाचालक गाड्यांबरोबर चालक असलेल्या गाड्याही. आता चूक सावरायला डब्यात माणूसच नसणार होता.

मात्राने ठरवलं, सुरक्षेचा जो भाग आहे तो सगळा बीमध्ये. बाकीचा, म्हणजे उद्‌घोषणा, नियंत्रण-कक्षाचे पडदे वगैरे नेहमीच्या पद्धतीने. ही विभागणी शहाणपणाची होती. सगळंच सिद्ध करायला निघालेले प्रकल्प बहुधा काहीच सिद्ध न करता संपतात.

आकडे असे आहेत. बीमध्ये सुमारे १,१५,००० ओळी लिहिल्या गेल्या. त्यातून ८६,००० ओळींचा अडा प्रोग्राम निघाला. सिद्ध करायची विधानं झाली २७,८००. त्यातली बहुतेक यंत्राने आपणहून सोडवली. ८.१ टक्के, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार विधानं यंत्राला झेपली नाहीत, तिथे माणसाने बसून वाट दाखवली. या कामाला सात मनुष्य-महिन्यांहून थोडा जास्त वेळ लागला. साकेमच्या शंभर मनुष्य-वर्षांशी याची सरळ तुलना करणं बरोबर नाही, कारण तो आकडा सगळ्या तपासणीचा होता आणि हा फक्त अडलेल्या सिद्धतांचा. तरीही दहा वर्षांत किती मजल मारली, ते दिसतंच.

सिद्ध न होणारं विधान बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतो. काहीतरी राहून गेलेलं असतं, एखादी पूर्वअट, एखादी न विचारलेली शक्यता. प्रोग्राम रुळावर जायच्या कितीतरी आधी, कागदावरच ती चूक उघडी पडते. यंत्राला मदत म्हणून माणसाने एखादा गणिती नियम स्वतः जोडला, तर तोही वेगळा तपासला जाई, कारण एक खोटा नियम आत शिरला की त्याच्या जोरावर काहीही सिद्ध करता येतं. या सगळ्यानंतर मात्राने जे केलं त्याने त्या काळी बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या: बीमध्ये केलेल्या भागांच्या सुट्या सुट्या चाचण्या त्यांनी घेतल्याच नाहीत. सिद्धता झाली, आता एकेका तुकड्याची चाचणी कशाला? आरएटीपीने हे मान्य केलं. पूर्ण प्रणालीच्या चाचण्या मात्र रीतसर झाल्या.

हे काम ऐन भरात असताना, ४ जून १९९६ला, फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून आरियान-५ हे नवंकोरं रॉकेट उडालं आणि चाळीसेक सेकंदांत त्याच्या चिंधड्या झाल्या. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबला गेला होता. तो मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. गंमत अशी की तो प्रोग्राम आरियान-४वर वर्षानुवर्षं नीट चालला होता, आणि जे गणित करताना तो कोसळला त्या गणिताचा उड्डाणानंतर काही उपयोगही नव्हता. गणितज्ञ झाक-लुई लियों यांच्या समितीने चौकशी केली. आरियान-५चा उड्डाणमार्ग त्या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये घातलाच गेला नव्हता, हा त्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष.

सिद्धतेच्या मर्यादेचा याहून लख्ख नमुना सापडणार नाही. प्रोग्राम स्पेसिफिकेशनप्रमाणे चालतो, एवढंच सिद्धता सांगते. स्पेसिफिकेशन जुन्या रॉकेटचं असेल तर सिद्धताही जुन्याच रॉकेटची. बी पद्धतीचे भाट हे सांगायला कधीकधी विसरतात. स्वतः अब्रियाल मात्र सांगत राहिला की सुरुवातीला गरजा नीट लिहून काढणं हेच सगळ्यात अवघड आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. पुढे त्याने इव्हेंट-बी ही नवी पद्धत काढली. तीत फक्त प्रोग्राम येत नाही. गाडी, रूळ, फाटक, माणूस अशी सगळी परिस्थितीच गणितात मांडली जाते.

१५ ऑक्टोबर १९९८ला मेतेओर सुरू झाली. मादलेनपासून राष्ट्रीय ग्रंथालयापर्यंत, सात स्थानकं. गार द लियों स्थानकात फलाटालगत काचेआड उष्ण कटिबंधातली बाग फुलवलेली. लोक पहिल्या डब्यात जाऊन पुढच्या काचेला नाक लावून उभे राहू लागले, कारण तिथे आता ड्रायव्हरची खोली नव्हती. त्या काचेमागे १,१५,००० ओळींचं गणित आहे, याची त्यांना कल्पना असायचं कारण नव्हतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगता येतं, कारण सांगण्यासारखं फारसं घडलंच नाही. सिद्धतेनंतर बीमधल्या भागात ना अंतिम चाचण्यांत बग सापडला, ना गाड्या धावू लागल्यावर. २००७पर्यंत तरी हे सॉफ्टवेअर आवृत्ती १.० वरच होतं. पॅरिसच्या रुआसी विमानतळावरच्या शटलसाठी त्याच पद्धतीने १,५८,००० ओळींचा अडा प्रोग्राम निघाला, आणि तिथे हाताने सोडवायच्या सिद्धतांचं प्रमाण ३.३ टक्क्यांवर आलं. मात्राचा हा व्यवसाय सीमेन्सकडे गेला, तंत्र सोबत गेलं, आणि ते न्यूयॉर्कच्या कनार्सी लाइनवर पोचलं. १९००पासून धावणारी पॅरिसची पहिली लाइन २०१२पर्यंत पूर्ण विनाचालक झाली. अल्स्टॉमनेही आपल्या शहरी रेल्वेच्या सिग्नलप्रणालीत बी पद्धत नेली.

एवढं असूनही जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर अजूनही चाचणीच्या भरवशावर चालतं. गणित अवघड म्हणून, असं कारण दिलं जातं. मला ते पटत नाही. मेतेओर करणारे नोकरदार इंजिनीअरच होते, त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं आणि ते शिकले. कारण वेगळं आहे. या पद्धतीत पहिले कित्येक महिने दाखवायला काहीच नसतं. पडद्यावर काही हलत नाही, वरिष्ठांना डेमो देता येत नाही, नुसती विधानं आणि सिद्धता. एवढा धीर धरणारा ग्राहक लागतो.

आरएटीपी हा तसा ग्राहक होता, आणि तो केवळ धीराचा नव्हता. साकेमच्या वेळी ज्या संस्थेच्या माणसांना चिन्हं वाचता येत नव्हती, त्याच संस्थेने मेतेओरपर्यंत स्वतःच्या छताखाली तपासणीची वेगळी तुकडी उभी केली होती. मात्राने दिलेलं काम ती स्वतः उघडून पाहत होती. कंपनीच्या प्रमाणपत्रावर डोळे मिटून सही करणारं कुणी तिथे नव्हतं.

आपल्याकडे मुंबईची मेट्रो-३ २०२४मध्ये भुयारातून धावू लागली, तिची सिग्नलप्रणाली अल्स्टॉमचीच. पुणे, नागपूर इथेही नव्या लाइन येत आहेत, आणि पुढच्या बऱ्याच लाइन विनाचालक असतील. निविदांमध्ये डब्यांची संख्या, खांबांची उंची, कर्जाचा व्याजदर सगळं बारकाईने लिहिलेलं असतं. त्याच कागदांत आणखी एक ओळ घालावी, एवढीच महामंडळांना विनंती: सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं स्पेसिफिकेशन कंपनीकडून मागून घ्यावं, आणि ते वाचून प्रश्न विचारू शकतील अशी चार माणसं आपल्याच पगारावर ठेवावीत.